रामटेकच्या वाटेवर पेट्रोल कॉक

बाबांची १९९४ ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आठ महिने अंगणात उभी होती. नोव्हेंबरातल्या एका रविवारी पाच लिटर पेट्रोल टाकलं आणि ती घेऊन रामटेकला निघालो. नागपूरहून साधारण पन्नास किलोमीटर. जुन्या गाडीची तब्येत पाहायला याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. लांब गेल्यासारखंही वाटतं आणि अडलं तर कामठी, कन्हान, मनसर अशी गावं हाताशी असतात.

झिरो माइल, इंदोरा, ऑटोमोटिव्ह चौक, कामठीपर्यंत गाडी सुरेख चालली. कन्हानचा पूल ओलांडून साठच्या वर नेली आणि सात-आठ मिनिटांत पेट्रोल संपल्यासारखी दम टाकून बंद पडली. दोन मिनिटं थांबून किक मारली, लगेच चालू. पुन्हा पाच मिनिटांनी तेच.

ही खूण लक्षात ठेवा. गाडी हळू चालते, जोरात नेली की मरते आणि थोडं थांबलं की परत चालू होते, म्हणजे कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) वाटीत पेट्रोल येतंय, पण खर्चापेक्षा कमी. ठिणगी देणाऱ्या प्लग किंवा कॉइलचा दोष असा घड्याळ लावल्यासारखा सहसा वागत नाही. साधा हिशेब करा. ताशी साठचा वेग आणि लिटरला चाळीसचं ॲव्हरेज धरलं तर तासाला दीड लिटर लागतं, म्हणजे मिनिटाला २५ मिली. कॉकमधून, म्हणजे ऑन, रिझर्व्ह आणि ऑफ अशा तीन जागा असलेल्या टाकीखालच्या पेट्रोलच्या नळातून, त्याहून कमी येत असेल तर महामार्गावर गाडी थांबणारच. शहरात खर्च कमी, म्हणून तिथे काही कळत नाही.

आधी टाकीचं झाकण उघडलं. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं की टाकीत हवा जात नाही, पेट्रोल खाली उतरत नाही. अशा वेळी झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा 'सूं' आवाज येतो आणि गाडी लगेच सुधारते. आवाज आला नाही, फरकही पडला नाही. बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "कार्बोरेटर खोलू नको बे. रिझर्व्हवर टाकून पाह्य आधी."

रिझर्व्हवर टाकली आणि गाडी चालली. टाकी अर्धी भरलेली असूनही! इथेच अर्धं निदान झालं. कॉकला टाकीच्या आत दोन वाटा असतात. ऑनची नळी उंच उभी असते, ती आपल्या तोंडाच्या वरचंच पेट्रोल घेते. रिझर्व्हचं छिद्र तळाशी असतं. ऑनवर मरते आणि रिझर्व्हवर चालते, तर दोष उंच नळीच्या वाटेत. उलट असेल तर तळाशी गंज किंवा पाणी साचलेलं असतं, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड. दोन्हीवर सारखीच रडत असेल तर खालचा पाईप दुमडला आहे का, पाईपमधलं फिल्टर भरलं आहे का ते पाहायचं आणि कार्बोरेटरकडे त्यानंतरच वळायचं.

चाळीसच्या वेगाने मनसर गाठलं. चौकाजवळ एका पंक्चरवाल्या काकांनी झाडाखाली जागा दिली. इंजिन गार होऊ दिलं, आसपासच्या विड्या विझवायला सांगितल्या, मग कार्बोरेटरकडचा पाईप काढून रिकाम्या बाटलीत धरला. ऑनवर सुतासारखी धार आली, मग थेंब. मिनिटभरात बाटलीच्या झाकणाने दोन-तीन झाकणं, बस. रिझर्व्हवर न तुटणारी धार. आणि ऑफवर केलं तरी थेंब पडतच होते. टप... टप... महिनाभर अंगणात येणारा पेट्रोलचा वास कुठून यायचा ते तेव्हा कळलं.

रिझर्व्हवरूनच सगळं पेट्रोल काकांच्या पत्र्याच्या डब्यात उतरवलं, टाकी उतरवून गोणपाटावर उलटी ठेवली आणि कॉक काढला. जाळीवर तांबडा गाळ होता. उंच नळीत मात्र रबरासारखी पांढुरकी दोरी अडकलेली. ते सिलिकॉन होतं. आधी कुणीतरी गळती थांबवायला लावलेलं. माझी कळकळीची विनंती आहे, जिथे पेट्रोल लागतं तिथे साधं सिलिकॉन लावू नका. पेट्रोलमध्ये ते फुगतं, तुटतं आणि तुकडे थेट जेटपर्यंत, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक छिद्रापर्यंत जातात. टेफ्लॉन टेप फुगत नाही, पण तिचेही तुकडे तिथेच जाऊन अडकतात.

मग कॉक फिरवायच्या दांडीवरच्या पट्टीचे दोन छोटे स्क्रू खोलले. आत लाटेसारखा वाकलेला स्प्रिंग वायसर, दांडीची चकती आणि तिच्यामागे चार छिद्रांचं रबर. ते तळहातावर घेतलं. रुपयाच्या नाण्याएवढं, नखाने दाबलं तरी दबेना, आणि चकती फिरून फिरून एका बाजूला गोल खाच पडलेली. रबर लवचीक असतं तेव्हाच ऑफ खरंच ऑफ असतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. म्हणून जुनी गाडी असेल तर हे रबर आणि पेट्रोलचा पाईप दोन्ही बदलून टाका, गळायची वाट पाहू नका.

नवं रबर जवळ नव्हतं. काकांनी जुनंच पुसून उलटं बसवलं, सपाट बाजू चकतीकडे. घरी पोचण्यापुरता हा उपाय चांगला चालतो. छिद्रं तेवढी नीट जुळवायची. बोल्ट हलक्या हाताने आवळायचे, कॉकची बॉडी मऊ धातूची असते, आटे लगेच जातात. पाईप जोडण्याआधी पुन्हा बाटलीत तिन्ही जागा तपासल्या. ऑनची धार भरघोस, ऑफवर कोरडं.

या सगळ्यात दोन तास गेले. गडावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. वरून अंबाळा तलाव आणि पलीकडे खिंडसीचं पाणी दिसतं. कालिदासाचा रामगिरी तो हाच, असं मानतात. लग्नानंतर आई-बाबा याच गाडीवर इथे आले होते, म्हणून गाडीचा एक फोटो काढून त्यांना पाठवला.

तुम्ही निघणार असाल तर कॉकचं रबर, टाकीकडची ओ-रिंग, हातभर पाईप, दोन क्लिपा, दहाचा पाना आणि पेचकस एवढं सोबत ठेवा. गाडी उभी केली की कॉक बंद करायची सवय लावा. कॉक गळत असेल आणि फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी) झिजलेली असेल तर आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत उतरतं, सकाळी प्लग ओला निघतो. फोर-स्ट्रोकवाल्यांनी जास्त जपावं. तिथे ते इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर किकसुद्धा मारू नका, आधी ऑइल बदला.

सोमवारी नवं रबर घातलं, टाकी दोनदा धुऊन गाळ काढला. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी चहाच्या आधी बाबाच वाकून पाहून आले. म्हणाले, "कोरडा आहे कागद."