पीओपीचा गणपती बादलीत विरघळवायचा तर

पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, पाण्यात विरघळत नाही असं सर्रास म्हणतात. विरघळतं, पण लिटरमागे जेमतेम सव्वादोन-अडीच ग्रॅम. म्हणजे एक किलोच्या मूर्तीला निदान ४०० लिटर पाणी हवं. वीस लिटरच्या बादलीत पन्नासेक ग्रॅम उतरतं आणि तिथेच थांबतं; मग महिनाभर ठेवली तरी मूर्ती तशीच.

जिप्सम साधारण १५० अंशांना भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडून पीओपी होतं, आणि साच्यात पाणी मिळालं की पुन्हा जिप्सम. मूर्तीत असतं ते हेच. ‘केमिकल’ म्हणून नाक मुरडण्यासारखं त्यात फारसं काही नाही. त्रास होतो तो रंगाचा आणि नदीत साचणाऱ्या ढिगाचा.

पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) सुचवलेल्या पद्धतीत पाण्यात अमोनियम बायकार्बोनेटची पावडर घालतात. विरघळलेलं कॅल्शियम लगेच कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूची पूड होऊन खाली बसतं, पाण्यात जागा होते आणि आणखी जिप्सम उतरतं. वर उरतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी. हिशेबाने एक किलो जिप्समला ९२० ग्रॅम पावडर लागते, म्हणून मूर्तीच्या वजनाइतकी घ्यायची. त्यातून साधारण ५८० ग्रॅम खडू, ७६५ ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि अडीचशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो.

दोन किलोच्या मूर्तीला दहा-बारा लिटर पाणी पुरतं. कमी पाण्यात पावडरच पूर्ण विरघळत नाही. बादली प्लॅस्टिकची घ्या, तांब्या-पितळेला पावडरीतून सुटणारा अमोनिया खातो. हार, कापड, मणी आधी काढा आणि ऑइल पेंट असेल तर जागोजागी खरवडा, नाहीतर पाणी आत शिरत नाही. दर दोन-तीन तासांनी ढवळणं चुकवू नका: खडूचा थर मूर्तीवरच बसतो आणि काम अडतं. बहुतेकांची मूर्ती ‘विरघळलीच नाही’ ती यामुळे, किंवा पावडर जुनी असल्यामुळे. पिशवी उघडी राहिली की ती हळूहळू हवेत उडून जाते, गरम पाण्यात तर लगेच. तेव्हा पाणी साधंच. झाकण घट्ट लावू नका, आत गॅस साठतो. आणि बादली बाल्कनीत ठेवा, बंद न्हाणीघरात अमोनियाने डोळे चुरचुरतात. लहान मूर्ती दोनेक दिवसांत विरते, मूर्तीतला काथ्या मात्र उरतोच. खायचा सोडा हा पर्याय नाही, त्याने सोडियम सल्फेट होतं आणि ते झाडांना मारतं.

खरी चूक पुढे होते. निवळलेलं पाणी मोरीत ओतलं की मुठेत नायट्रोजन गेला, तिथून भीमेतून उजनी धरणात, आणि जलपर्णीला आयतं खत. ओतायचं तर पन्नासपट पातळ करून, शोभेच्या झाडांना. रंगांत काय असतं याची खात्री नसते, म्हणून कोथिंबीर, मेथी, तुळस यांना नको. खालचा साका गाळून वाळवा आणि संकलन केंद्रावर द्या.

शाडूला हे काहीच लागत नाही. न भाजलेली मूर्ती काही तासांत विरते, पाणी निथळून माती वाळवली की पुढच्या वर्षी पुन्हा मळता येते. शाडूही बहुतेक गुजरातेतून ट्रकने येतो, त्यामुळे ती माती हौदात टाकून देणंही उधळपट्टीच.

मंडळांनी बादलीच्या नादी लागू नये. ५० किलोच्या मूर्तीला तेवढीच पावडर, अडीचशे लिटर पाणी, आणि मागे २९ किलो खडू व ३८ किलो अमोनियम सल्फेट. त्यापेक्षा पुण्यातली काही मंडळं करतात तसं करावं: मोठी उत्सवमूर्ती कायम ठेवायची आणि विसर्जनाला हातभर शाडूची मूर्ती न्यायची.