मेंदूचा सीटी स्वच्छ येतो तो कशामुळे?

लंडनच्या एका सरकारी हॉस्पिटलात मी सीटी रेडिओग्राफर आहे. घरून फोन आला की हमखास विचारतात, "तिकडची मशीन भारी असतील ना?" आहेत भारी, पण मेंदूचा चांगला सीटी काढणं तरीही अवघडच आहे.

किरणं कुठे किती अडतात, त्याच्या सीटीच्या मापात पाणी 0 आणि हवा उणे 1000. मेंदूतलं करडं द्रव्य आणि पांढरं द्रव्य यांच्यात अंतर जेमतेम 5 ते 10 आकड्यांचं! रक्तपुरवठा तुटून स्ट्रोक झाला की पहिल्या काही तासांत तेवढंही पुसट होऊ लागतं, आणि डॉक्टर नेमकं तेच शोधत असतात. चित्र दाणेदार आलं तर ते हातचं जातं. मग किरणं वाढवायची का? दाणे निम्मे करायचे तर डोस चौपट लागतो. स्लाइस म्हणजे चित्रातला डोक्याचा एक काप, ती जाड केली की दाणे कमी दिसतात, पण बारीकसा रक्तस्राव त्यात विरून जातो. म्हणून आम्ही स्कॅन पातळ स्लाइसमध्ये घेतो आणि पाहायला जाड स्लाइसही तयार करतो. हल्ली संगणकच दाणे बरेच पुसतो, पण हललेलं डोकं तो पूर्ण सावरू शकत नाही.

जगातला पहिला रुग्णाचा सीटी याच शहरात झाला, 1 ऑक्टोबर 1971 रोजी, विंबल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली हॉस्पिटलात. सीटी मशीन बनवणारे इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या त्या मशीनवरचं चित्र 80 बाय 80 चौकोनांचं होतं, आज ते सहसा 512 बाय 512 असतं. तेव्हा स्लाइस घ्यायला काही मिनिटं लागायची, आता अख्खं डोकं काही सेकंदांत होतं.

पण ते काही सेकंद डोकं स्थिर हवं. स्ट्रोकचा पेशंट गोंधळलेला असतो, हात झटकतो. मी डोकं मधोमध घेते, हनुवटी जरा खाली, दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे, कपाळावर पट्टा. डोकं तिरपं राहिलं तर डावी-उजवी बाजू ताडून पाहता येत नाही. परवा इंग्रजी न कळणाऱ्या एक गुजराती बा आल्या होत्या. हिंदीत म्हटलं, "बा, बस थोडी देर, हिलना मत, मैं यहीं हूँ." त्यांनी माझं बोट घट्ट धरलं, मग सोडलं आणि शांत पडून राहिल्या. कानांच्या आतल्या बाजूच्या टणक हाडांमुळे मेंदूच्या खालच्या भागावर काळे पट्टे उमटतात, ते त्यांच्याही स्कॅनमध्ये होते, पण बाकी सगळं स्वच्छ आलं.

तुमच्या घरी कुणाचा सीटी असेल तर कानातलं, चमकी, केसातल्या पिना, कवळी आधीच काढून ठेवा. धातूमुळे चित्रावर रेघा येतात. आणि फिल्मसोबत सीडी जरूर मागा. फिल्मवर निवडक चौकटीच छापतात आणि त्यांचा काळा-पांढरेपणा नंतर बदलता येत नाही. सीडी देताना पातळ स्लाइसही त्यात टाका, असं आवर्जून सांगा.