मोठ्यांचे बाळमोजे

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात. परवा बसथांब्यावर एक सहाफुटी दाढीवाला उभा होता. हातात काळ्या-पांढऱ्या नक्षीचे लोकरी हातमोजे. चारी बोटं एकत्र, अंगठ्याचा तेवढा सवतासुभा. मोबाइल वाजला तसा त्याने एक मोजा दातांत धरून ओढला आणि तो तोंडात लोंबत असतानाच फोनवर बोलायला गेला. मला हसू आवरेना. इथे राहून इतके हिवाळे काढले, तरी असा मोजा दिसला की मला बाळंतविडाच आठवतो.

आपल्याकडे हे मोजे एकाच वयात मिळतात. टोपडं, झबलं, दुपटं आणि बाळाने नखांनी तोंड ओरबाडून घेऊ नये म्हणून हातमोजे. बाळ जरा बसायला लागलं की हात मोकळे. पुढे स्वेटर, मफलर, कानटोपी सगळं मिळतं, हात मात्र उघडेच. नाशिकच्या थंडीत ते काखेत घालायचे.

माझे हात तर लोकरीच्या कामाला जुंपलेले असत. आई नवी लडी आणायची, ती माझ्या मनगटांवर चढवायची आणि समोर बसून गुंडा करायला घ्यायची. मी हात डावीउजवीकडे झुलवायचे. नाक नेमकं तेव्हाच खाजायचं. "हलू नकोस गं!" विणताना ती टाके मोजत असली की हाकेला ओ नाही. घराला आग लागली असती तरी हातातली सुई संपवूनच उठली असती.

इथून जवळच सेल्बू नावाचं गाव आहे. 1857 च्या सुमारास तिथल्या मारित एमस्टाड नावाच्या मुलीने दोन रंगांत आठ पाकळ्यांची नक्षी घालून मोजे विणले, ते घालून ती चर्चमध्ये गेली आणि सगळा गाव त्या मोज्यांकडे बघत बसला, असं सांगतात. नक्षी तिच्याही आधीची, कितीतरी देशांत सापडणारी; पण नाव झालं सेल्बूचं. मग तिथल्या लग्नांत नवरीकडून पाहुण्यांना मोजे द्यायची पद्धत पडली. म्हणजे लग्न ठरायच्या आधीपासून विणत बसायचं. लाटव्हियात तर 2006 साली रीगाला नाटोची परिषद भरली, तेव्हा पाहुण्यांसाठी हाताने विणलेले 4,500 जोड तयार ठेवले होते. एवढे सेनापती बाळमोज्यांत! परिषदेत काय ठरलं ते मला माहीत नाही, मोजे तेवढे लक्षात आहेत.

एका ओळीत दोन रंग चालवायचे, ज्याची पाळी नाही तो धागा मागून न्यायचा. ओढला तर नक्षी आक्रसते, सैल सोडला तर आत बोट अडकतं. खरी ऊब त्या मागच्या धाग्यांची, त्यांनीच मोजा दुपदरी होतो. म्हणून मी मोजा हातात आला की आधी उलटा करते. दुकानात, कुणाच्या घरी, कुठेही. ही खोड आईची. साडीचा काठसुद्धा ती आधी मागून बघते.

गेल्या हिवाळ्यात ती इथे आली होती. मी विणलेला जोड तिने रीतसर उलटा केला, धाग्यांवरून अंगठा फिरवला. "मागून बरं आहे," म्हणाली. हे तिचं शंभरपैकी शंभर. मग मोजा सुलट करून, "पण मोठ्या माणसांना कसले गं बाळमोजे?" मी सांगितलं, बोटांना वेगवेगळ्या खोल्या दिल्या की ती गारठतात, थंडीत एका गोधडीत झोपलेल्या चुलत भावंडांसारखी त्यांना एकत्र ठेवायची. तिला ते पटलं नाही. तिने दुकानातून पाच बोटांचे घेतले.

ते तिला चढेनात. सांधे सुजून बोटांच्या पेरांना गाठी आल्यात, करंगळी आतल्या बाजूला वळलीय. व्हिडिओ कॉलवर हे कधी दिसलं नव्हतं. सुया तिने कधी खाली ठेवल्या, तेही तिने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

मी टेप आणली आणि तिच्या तळव्याचं माप घ्यायला लागले. तिने हात मागे घेतला. "मला कशाला? एप्रिलमध्ये नाशकात काय घालू ते?"

"घालू नकोस. माप तर दे."

"साडेसात इंच लिही," म्हणाली, "आणि मागचा धागा सैल सोड. माझं बोट अडकलं तर निघायचं नाही."