मधून कापलेली माउझर आणि नानांचं गोणपाट

माउझर या जुन्या जर्मन लष्करी रायफलचा रिसीव्हर, म्हणजे मधला सांगाडा, मधोमध कापायचा, त्यातलं अर्ध्या इंचाच्या आसपास, म्हणजे आपल्या लेथवाल्यांच्या भाषेत चार सूत, लोखंड काढून टाकायचं आणि उरलेले दोन तुकडे परत असे जोडायचे की आत बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा, पुढेमागे सरकताना कुठेच अडखळला नाही पाहिजे. हे लोक खरंच करायचे, तेही हौसेने, आणि त्यातली काही कामं इतकी सुंदर आहेत की मी रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत मोबाईलवर फोटो मोठे करून बघत बसतो. घरचे विचारतात एवढं काय आहे त्यात, म्हणून एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी माझं सांगतो. भुसावळला माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक जुनं मिलिंग, एक आर्गन वेल्डिंगचा सेट. काम सगळं शेतीचं आणि गाड्यांचं, बंदुकीचं काम मी करत नाही आणि लायसन्सशिवाय कोणी करूही नये, त्याबद्दल शेवटी लिहितोच. पण वडील वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, तिथे काडतुसं बनतात हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, ते घरी कामाबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत पण माप म्हणजे काय हे त्यांनी आम्हाला जेवताना सुद्धा शिकवलं. बंदुकीचं यंत्र म्हणून आकर्षण तिथूनच आलं असणार.

तर हा रिसीव्हर असा असतो. पुढे त्यात नळी आट्यांवर घट्ट बसते, मागून बोल्ट आत सरकतो, खालून मॅगझिन लागतं. पॉल माउझरने जर्मनीत ओबर्नडोर्फला जे डिझाइन केलं आणि 1898 साली जर्मन सैन्याने घेतलं ती गेवेर 98, तिचा रिसीव्हर पावणेनऊ इंचाच्या आसपास लांब. का, तर तिचं काडतूस लांब, 7.92 बाय 57, गोळीसकट जवळपास 82 मिलिमीटर. दोन्ही महायुद्धांनंतर अशा लष्करी रायफली अमेरिकेत आणि इतर देशांत कवडीमोलाने विकल्या गेल्या, आणि लोकांनी त्यांचे जड दस्ते काढून, नळ्या बदलून, बोल्टची मूठ वाकवून त्यांच्या शिकारी रायफली बनवल्या. इथपर्यंत सोपं आहे. पुढे 1952 ला .308 विंचेस्टर आलं, 1955 ला .243 आलं, ही काडतुसं गोळीसकट जेमतेम 69-71 मिलिमीटरची, म्हणजे माउझरमध्ये पुढेमागे बोटभर जागा रिकामी. चालतं तसं पण, मॅगझिनमध्ये एक ठोकळा टाकला की भागतं, विंचेस्टरच्या मॉडेल 70 मध्ये कारखान्यातूनच तसं करायचे. पण ज्याच्या हातात कला आहे त्याला ते बघवत नाही ना. ओबर्नडोर्फच्या कारखान्याने स्वतः आखूड ॲक्शन, म्हणजे रिसीव्हर आणि बोल्टचा जोड, बनवली होती, कुर्त्स म्हणायचे तिला, पण फार थोडी बनली आणि म्हणून फार महाग. मग गनस्मिथ लोकांनी साधी लष्करी 98 घेऊन तिचीच कुर्त्स करायला सुरुवात केली.

आता मला जे सगळ्यात जास्त आवडतं ते. माउझर कापता का येते? कारण तिचे दोन मोठे लॉकिंग लग, म्हणजे बोल्ट जागच्या जागी अडकवणारे दात, बोल्टच्या अगदी पुढच्या टोकाला आहेत. गोळी उडते तेव्हा मागे जो धक्का येतो तो हे दोन लग पुढच्या रिंगमध्येच अडवतात, नळीच्या लगेच मागे. मागे तिसरा एक लग आहे पण तो फक्त वेळप्रसंगासाठी. म्हणजे खरा जोर पुढच्या दीड-दोन इंचात संपतो आणि मधला भाग बोल्टला रस्ता दाखवतो, मॅगझिन धरतो, बस. म्हणून काप मधल्या पातळ रेलवर घ्यायचा, पुढच्या रिंगला हात लावायचा नाही. आता हाच विचार आपल्याकडच्या ली-एनफिल्डला लावून बघा, जी ईशापूरला वर्षानुवर्षं बनली आणि जिच्यावरून आपल्या लोकांना मिळणारी .315 स्पोर्टिंग रायफल निघाली. तिचे लग मागे आहेत. म्हणजे धक्का नळीपासून मागच्या लगापर्यंत पूर्ण रिसीव्हरमधून जातो, सगळी बॉडी ताणली जाते. तिला मधून कापून जोडणं म्हणजे विहिरीचा दोर मधोमध तोडून गाठ मारणं आणि मग त्याच दोराला धरून खाली उतरणं. दोन्ही बोल्ट ॲक्शन, लांबून सारख्याच दिसतात, पण एकीत काप चालतो आणि दुसरीत नाही. असं काही समजलं की मला दिवसभर बरं वाटतं.

बरं एकटा रिसीव्हर कापून भागत नाही. बोल्ट तेवढाच आखूड पाहिजे, आतली फायरिंग पिन आखूड, बोल्टच्या अंगावर असलेला लांबलचक एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे काडतूस ओढून बाहेर काढणारा पट्टा आखूड, मॅगझिनची पेटी, खालची पट्टी, आतलं वर सरकणारं ताट, सगळं. आणि सगळं एकाच मापाने, कारण कुठे अर्धा मिलिमीटर चुकला तर काडतूस तोंडाशी येऊन अडकणार. तुकडे जोडताना आतून मँड्रेल, म्हणजे मापाचा सरळ दांडा, घालून सरळ धरतात, आणि वेल्डिंगचा धातू असा निवडतात की नंतर ब्लूइंग, म्हणजे पोलादाला निळसर-काळा रंग चढवणं, करताना जोडाच्या जागी वेगळा रंग चढू नये.

आणि आता मूळ मुद्दा, उष्णता. कापणं जोडणं हे मी पण करतो रोज, माउझर कापणाऱ्यांची खरी परीक्षा ही की गरमपणा पुढच्या रिंगपर्यंत पोचू द्यायचा नाही. त्या रिसीव्हरचं पोलाद कमी कार्बनचं, आतून चिवट, आणि वरून केस हार्डनिंग केलेलं, म्हणजे पापुद्रा एकदम कडक. दुर्बिणीच्या माउंटसाठी साधं भोक पाडायला गेलं तरी ड्रिलचं टोक घसरतं नाहीतर टॅप आत मोडतो. रिंग तापली आणि तो कडकपणा उतरला तर लग हळूहळू आपल्या जागेत रुतत जाणार, आणि .308 च्या काडतुसात दाब चार हजार बारच्या वर जातो, ट्रकच्या टायरमध्ये आठ-नऊ बार असतो त्यावरून अंदाज करा. तुमचं तोंड त्या बोल्टपासून वीतभर अंतरावर असतं.

याच उष्णतेची एक गोष्ट अमेरिकन सैन्याची आहे. त्यांची 1903 ची स्प्रिंगफील्ड रायफल, ती पण माउझरच्याच घराण्यातली. 1917 च्या सुमारास काही रिसीव्हर फुटले, ठिसूळ निघाले. चौकशीत कळलं की भट्टीवरचे जुने जाणते कारागीर पोलादाचा रंग डोळ्यांनी बघून तापमान ठरवायचे, आणि लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग फिका दिसतो म्हणून ते जास्त तापवायचे, ढगाळ दिवसापेक्षा 300 अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त. मग 1918 मध्ये हीट ट्रीटमेंट बदलली, तापमान मोजायला पायरोमीटर आले. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या 8 लाखांच्या आतल्या नंबरच्या रायफली आजही जाणकार लोक झाडायचं टाळतात.

हे वाचलं त्या दिवशी मी सुन्न झालो, कारण मला आमचे नाना मिस्तरी आठवले. मी ज्यांच्याकडे काम शिकलो ते नाना छिन्नीला, विळ्याला पाणी द्यायचे तेव्हा भट्टी शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि दरवाज्यावर ओलं गोणपाट टांगलेलं. भुसावळचा मे महिना, 45 डिग्री, आत जीव गुदमरायचा. मी एकदा वैतागून गोणपाट बाजूला केलं तर नाना ओरडले, "काय करी राह्यला रे भो, उन्हात रंग खोटा दिसतो!" मला वाटायचं ऊन आत येऊ नये म्हणून टांगलंय, थंडाव्यासाठी. माझ्या हाताने गोणपाट परत लावून घेतलं आणि मग कोळशातला तो विळा दाखवला, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, बस इथेच काढायचा म्हणाले. त्यांना स्प्रिंगफील्ड माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांना कोणी शिकवलं तेही मी कधी विचारलं नाही, आता नाना नाहीत.

आणि तरी मी ती चूक केलीच. फैजपूरकडचे एक अण्णा, केळीवाले, त्यांनी छोटा ट्रॅक्टर घेतला आणि जुन्या मशीनचा शाफ्ट लांब पडायला लागला, म्हणाले आखूड करून दे. मी मधून कापला, जोडला, डायल लावून ट्रू केला, दिसायला एकदम फर्स्ट क्लास. पण काप मी स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या लांब खाचांच्या, फार जवळ घेतला होता, जेमतेम दोन इंचावर, कारण तिथे धरायला सोपं होतं. स्प्लाइनचा कडकपणा उतरला आणि जोडाच्या शेजारचा भाग वेल्डिंगनंतर झपकन थंड होऊन काचेसारखा झाला. आठव्या दिवशी शाफ्ट तुटला, ऐन कामात. कोणाला लागलं नाही. अण्णा एका शब्दाने बोलले नाहीत, तुटलेले दोन तुकडे टेबलावर ठेवले आणि चहा घेऊन गेले. नवा शाफ्ट मी पदरचे पैसे घालून दिला. तुटलेल्या जागी लोखंडाचे दाणे साखरेसारखे चमकत होते, तो तुकडा अजून माझ्या खिडकीत आहे.

म्हणून ते फोटो बघताना मी फिनिशिंग बघत नाही, काप कुठे घेतलाय ते बघतो.

आज हे काम जवळपास संपलंय. रेमिंग्टनने 1948 मध्येच लांब आणि आखूड अशा दोन मापांच्या रायफली काढल्या, 721 आणि 722, पुढे सगळ्याच कंपन्या तसं करायला लागल्या, मग कापायची गरज राहिली नाही. उलट आता न छेडलेल्या जुन्या लष्करी रायफलला संग्राहक लोक भरपूर किंमत देतात, आणि चांगली, सगळ्या भागांवर एकच नंबर असलेली रायफल कापली तर मला पण वाईट वाटेल. पण ज्या आधीच कोणीतरी भोकं पाडून, तासून बिघडवल्या होत्या त्यातून ज्यांनी कुर्त्स घडवली त्यांना मी हात जोडतो.

आपल्याकडचं मात्र स्पष्ट सांगतो कारण वर्कशॉपवर लोक विचारतात. शस्त्र कायदा 1959 चा, त्याच्या कलम 5 प्रमाणे बंदूक बनवणं, दुरुस्त करणं, तिच्यात बदल करणं याला वेगळं लायसन्स लागतं, आणि नळी आखूड करण्यावर तर कलम 6 वेगळंच आहे. तुमच्याकडे बंदूक बाळगायचं लायसन्स आहे म्हणजे ती कापायचं आहे असं होत नाही. गेल्या पावसाळ्यात यावलकडचे एक आबा आले, रानडुकरांनी मका आडवा केलेला, आजोबांची बारा बोअर लायसन्सची, म्हणे मक्यात फिरवता येत नाही, नळी वीतभर कमी कर, तुझ्याकडे लेथ आहेच. मी नाही म्हणालो. नाराज झाले, मग कलम सांगितलं, लायसन्सवाल्या दुरुस्तीवाल्याकडेच जा आणि नळीचं तर त्यालाही आधी विचारा म्हणालो, तेव्हा बसले.

चहा येईपर्यंत त्यांना मोबाईलवर एका आखूड केलेल्या माउझरचा फोटो दाखवला, सांगितलं की ही मधून कापून जोडलेली आहे. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, इकडून तिकडे सरकवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "जोड कुठंय रे?" मी पुढचा फोटो लावून दिला, त्यात बोल्ट पूर्ण मागे ओढलेला आहे आणि आतल्या रेलवर, नीट बघितलं तर, केसाएवढी एक फिकट रेघ दिसते.