माकडटोपी आणि सुरयाची चोच

लीड्समधल्या आमच्या घरून निघण्याआधी बाबांनी बॅगेत माकडटोपी भरली, तेव्हा मी हसलो होतो. मे महिना संपत आला असताना ही टोपी कशाला, असे विचारल्यावर, "समुद्रावर जायचे आहे ना?" एवढेच ते म्हणाले. दोनच दिवसांनी फार्न बेटावर डोक्यातून रक्त आले ते माझ्या.

इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यासमोरच्या या फार्न बेटांवर जाण्याचा बेत जुना होता. पण २०२२ मध्ये बर्ड फ्लूने तिथले हजारो पक्षी मेले आणि प्रवाशांना बेटांवर उतरणे बंद झाले, ते २०२४ च्या वसंतात पुन्हा सुरू झाले. गाडीचा प्रवास आणि सीहाउसेस गावातला मुक्काम यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. बोटीचे भाडे वेगळे आणि बेटावर उतरण्याचे शुल्क वेगळे, हे मात्र मला धक्क्यावर पोहोचल्यावर कळले आणि ते जरा खटकले.

या बेटांपैकी इनर फार्नच्या धक्क्यावर पाय ठेवताच सुरय पक्षी अंगावर येतात. हे आर्क्टिक सुरय जेमतेम शंभर ग्रॅम वजनाचे असतात. हिवाळा अंटार्क्टिकाच्या समुद्रावर काढून ते अंडी घालायला इथे परततात. १९८२ च्या उन्हाळ्यात याच बेटांवर ओळखीसाठी पायात वळे घातलेले एक पिल्लू त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेलबर्नला सापडले होते. एवढा प्रवास करणाऱ्या पक्ष्याला आपल्या अंड्यांजवळून जाणाऱ्या माणसाची भीती ती काय वाटणार? तो कर्कश ओरडत डोक्यावर स्थिर होतो आणि लालभडक चोच सरळ टाळूवर मारतो. टोपी घाला, असे बोटवाल्याने सांगितले होते. पण कॅमेऱ्याच्या दृश्यचौकटीतून पाहताना टोपीची कड आडवी येते म्हणून मी ती पिशवीतच ठेवली होती. बाबा मात्र माकडटोपीत निर्धास्त होते.

मला फोटोत हवा होता तो चोचीत बारीक चंदेरी मासे धरलेला पफिन, बिळात घरटे करणारा समुद्रपक्षी. त्यासाठी मी सहाशे मिलिमीटरची लेन्स खांदा दुखेपर्यंत वाहून आणली होती, आणि इथे पक्षी इतके जवळ होते की अडीच मीटरच्या आत तिचा फोकसच लागेना. अखेर थोड्या अंतरावरच्या एका बिळासमोर मी गुडघे टेकून बसलो आणि पिशवी लाकडी पायवाटेच्या कडेला ठेवली. मासे घेऊन येणाऱ्या पफिनवर काळ्या डोक्याचे कुरव टपलेले असतात, त्यामुळे तो उतरताक्षणी बिळात घुसतो. अर्ध्या सेकंदाच्या त्या दृश्यासाठी मी पंधरा मिनिटे हललो नाही. एक सुरय सतत माझ्याच डोक्यावर चोच मारत होता आणि त्याचाही मला थोडा अभिमानच वाटत होता, हे कबूल करतो.

तेवढ्यात बेटावरच्या रक्षक मुलीने अगदी सौम्यपणे पिशवी उचलायला सांगितले. पिशवीपासून वीतभर अंतरावर, गवताच्या दोन काड्यांमध्ये, मातकट रंगावर तपकिरी ठिपके असलेली दोन अंडी होती. घरटे असे नव्हतेच, नुसती उथळ खळगी होती. इतका वेळ तो पक्षी माझ्यामुळे त्यांच्यावर बसू शकला नव्हता आणि तिथला वारा तर आम्हा माणसांनाही सोसवत नव्हता. लहानपणी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून दूरच्या खडकांवर घिरट्या घालणारे सुरय दाखवून, विणीच्या दिवसांत तिकडे होडी न्यायची नाही, असे बाबांनीच मला सांगितले होते. आता ते काही बोलले नाहीत. माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या खांद्याला लावली आणि माझ्या कपाळावरचा ओघळ रुमालाने पुसला.

आम्ही दहा पावले मागे सरलो. पक्षी उतरला, एकदा मान वळवून त्याने आमच्याकडे पाहिले, चोचीने एक अंडे किंचित सरकवले, पोटाची पिसे फुलवली आणि डावीउजवीकडे डुलत तो हळूहळू अंड्यांवर बसला. कॅमेरा माझ्या गळ्यात होता, तो मी उचलला नाही.

त्या दिवशीचा धड आलेला एकमेव फोटो मोबाइलवरचा आहे: भिंतीच्या आडोशाला अंड्यांवर बसलेली आयडर बदकाची मादी. सातव्या शतकात याच बेटावर एकांतात राहिलेल्या संत कथबर्टने या बदकांना अभय दिले, असे सांगतात आणि इथले लोक त्यांना अजून त्याच्याच लाडक्या नावाने ओळखतात.

परतीच्या बोटीत वारा फारच बोचू लागला, तेव्हा मी बाबांकडे माकडटोपी मागितली. तिच्यावर सुरयांनी पांढरे शिंतोडे उडवले होते. बाबांनी ते नखाने खरवडले आणि टोपी माझ्या हातात दिली.