सोळा गुंठे

हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्राला फार वेळ जात नाही. डेटा एंट्री आदल्या दिवशीच झालेली असते. पाचशेचा मुद्रांक, दोन ओळखदार, फोटो, अंगठा, की बाहेर. इथे भाऊ एक, बहिणी तीन, आईवडील हयात नाहीत, जमीन ६४ आर, म्हणजे साधारण तेवढेच गुंठे. घाई बिल्डरच्या वकिलाला, त्याला टायटल क्लिअर हवं. दस्त मी केला होता. माझा पक्षकार भाऊ, बहिणी नुसत्या 'लिहून देणार'.

धाकट्या दोघींचं उरकलं. थोरल्या आक्कांचा अंगठा मात्र मशीन घेईना. शेतात राबलेल्या बायकांचं हे नेहमीचंच, बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. ऑपरेटरनं बोट पदराला पुसायला लावलं, मग तर्जनी, मग डावा हात. त्या खोळंब्यात आक्कांनी विचारलं, "वकीलसाहेब, मी सोडतेय ते नेमकं किती?"

दस्तात ते नव्हतंच. आम्ही सगळे वर्षानुवर्षं एकच मसुदा चालवतो: 'सदर मिळकतीतील माझा जो काही हक्क, हिस्सा, हितसंबंध असेल तो...' त्या 'जो काही'त आकडा बरोबर झाकला जातो. (हल्ली मी हिस्सा आकड्यात घालतो. एकानं त्यावरून फाईल परत नेली.) सातबाऱ्यावर तरी कुठे होता? १९९१ ला वडील गेले तेव्हा भावाचं नाव कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात लागलं, तिघी बहिणी 'इतर हक्कात', सोसायटीच्या कर्जाच्या बोजाखाली. तलाठ्यांची जुनी खोड.

"चौथा हिस्सा. धरा सोळा गुंठे," मी म्हणालो.

भाऊ तडक म्हणाला, "वडील २००५ च्या आधी गेले. पोरींना हक्क लागत नाही."

२००५ ला कायदा बदलला, वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलाइतका हक्क मिळाला; पण वडील त्याआधी गेले असतील तर नाही, हे पारावर अजून चालतं, काही वकीलही सांगतात. २०१५ च्या एका निकालानं तसं झालं होतं खरं. पण ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात ते मोडीत काढलं. हक्क जन्मानं येतो, २००५ ला वडील हयात असायची गरज नाही. आणि हक्कच नसेल तर हे सोडपत्र कशाला, हे मात्र मी बोललो नाही. फी त्याची होती.

आक्कांनी हात पदराखाली घेतला. "आज राहू द्या."

दस्तावर त्यांची सही आहे, निबंधकापुढची कबुली नाही. ती सहीपासून चार महिन्यांत व्हावी लागते, हे मी भावाला सांगितलं. त्यानं बोटांवर महिने मोजले.

"भाऊबीज त्याच्या आतच येते ना, साहेब?"