बिलियर्ड्सची जुनी चित्रे : माणसांआधी टेबल

यंदाच्या पावसाळ्यात जळगावच्या घरी बसून संग्रहाची फेरमांडणी एकदाची पूर्ण केली. बिलियर्ड्सची चित्रे, छायाचित्रे, पोस्टकार्डे आणि जाहिरातींची कात्रणे यांच्या नोंदी आता माणसांच्या पोशाखावरून नव्हे, तर टेबलावरून सुरू होतात. पोशाख फसवा असतो. मुंबईत मागे पडलेला कोट मुफसलात पुढे कित्येक वर्षे मिरवला जातो, आणि छायाचित्रासाठी तर तो उसनाही आणला जातो. टेबलाचे तसे नाही. ते महाग, अवजड आणि दीर्घायुषी असते. म्हणून ते ‘या वर्षाच्या आधीचे हे चित्र नव्हे’ एवढे ठामपणे सांगते. ‘या वर्षानंतरचे नव्हे’ हे मात्र ते सांगू शकत नाही, आणि संग्राहकांच्या चर्चेत या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते.

सर्वांत जुन्या टोकापासून सुरुवात करतो. चार्ल्स कॉटन यांच्या ‘द कम्प्लीट गेमस्टर’ या १६७४ च्या इंग्रजी पुस्तकात जो खेळ वर्णिला आहे, त्यात टेबलावर हस्तिदंती कमान आणि ‘राजा’ नावाचा छोटा खुंट उभा असे. आंत्वान त्रूव्हाँ याने सतराव्या शतकाच्या अखेरीस कोरलेल्या प्रसिद्ध चित्रात चौदावा लुई व्हर्सायच्या महालात दरबाऱ्यांसह खेळताना दिसतो. त्या काळी चेंडू टोकाला रुंद डोके असलेल्या दांड्याने ढकलला जाई. असा दांडा दिसला, की चेंडूला बाजूचा फिरकी-मार देण्याचा प्रश्नच उरत नाही. तो मार चामड्याच्या टोपीची क्यू, म्हणजे निमुळती काठी, आल्यावर शक्य झाला, आणि फ्रान्स्वा मँगो याच्या १८२७ च्या पुस्तकातील कोरीव आकृत्यांत तो पानोपानी दिसतो. त्या आकृत्यांत माणूस नाही, खोली नाही. आहेत त्या केवळ चेंडूंच्या वाटा. माझ्या मते बिलियर्ड्सच्या छापील इतिहासातला हा सर्वांत देखणा ऐवज आहे, आणि चौकटीत लावायला लोक नेमके हेच सोडून विनोदी व्यंगचित्रे शोधत फिरतात.

पुढचा टप्पा लंडनचे टेबल-कारागीर थर्स्टन यांचा. लाकडी फळीऐवजी स्लेटचा दगड १८२६ च्या सुमारास आणि उन्हाथंडीत गुण न बदलणाऱ्या व्हल्कनाइज्ड रबराची कुशने, म्हणजे कडेच्या गाद्या, १८४५ च्या सुमारास आली. स्लेट बनातीखाली, म्हणजे टेबलावरच्या हिरव्या लोकरी कापडाखाली, झाकलेली असल्यामुळे चित्रात दिसत नाही, पण तिचे वजन पायांत उतरते. बारीक, नाजूक पायांचे टेबल बहुधा लाकडी तळाचे असते. बारा फूट लांब, सहा फूट रुंद आणि आठ जाडजूड पायांवर उभे असलेले इंग्रजी टेबल स्लेटच्या काळातले. कोपऱ्यात आणि लांब बाजूंच्या मध्यावर पॉकेट, म्हणजे चेंडू पडायच्या जाळ्या, असतील तर खेळ इंग्रजी धाटणीचा. एकही पॉकेट नसेल तर फ्रेंच कॅरम, म्हणजे चेंडूवर चेंडू आदळण्याचा खेळ (आपला सोंगट्यांचा कॅरम नव्हे). एवढ्या दोन खुणांवर माझ्याकडील पोस्टकार्डांचा निम्मा गठ्ठा देशवार वेगळा झाला. पोस्टकार्डाची पाठ त्याहून सोपी: पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ असेल, तर ब्रिटनचे कार्ड १९०२ च्या आधीचे आणि अमेरिकेचे १९०७ च्या आधीचे नसते.

या हंगामात सर्वाधिक वेळ गेला तो छायाचित्रांतल्या लाल चेंडूवर. इंग्रजी बिलियर्ड्समध्ये तीन चेंडू असतात: एक पांढरा, एक ठिपकेवाला पांढरा आणि एक लाल. छायाचित्रणाच्या जुन्या काचेच्या प्लेटांवरील रसायनाला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे तो चेंडू छायाचित्रात काळाकुट्ट उतरतो. नवख्या विक्रेत्याला काळा चेंडू दिसला, की तो लगेच ‘स्नूकर’ असे लिहून किंमत वाढवतो. सर्व रंग टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेटा १९०६ पासून बाजारात मिळू लागल्या, पण साध्या स्टुडिओवाल्यांनी स्वस्त प्लेटा त्यानंतरही बराच काळ वापरल्या. म्हणून टेबलावर तीनच चेंडू असून त्यांतला एक काळा असेल, तर तो लाल समजावा. स्नूकरला पंधरा लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा असे बावीस चेंडू लागतात. हा खेळ भारतातलाच. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने तो सुरू केल्याचे मानले जाते आणि पुढे उटीच्या क्लबमध्ये त्याचे नियम टांगले गेले. त्यामुळे भारतातल्या छायाचित्रावर ‘स्नूकर’ लिहिण्याचा मोह अधिकच होतो.

हीच कसोटी भुसावळच्या एका रद्दीवाल्याकडे मिळालेल्या समूहचित्राला लावली. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, स्टुडिओचे नाव नसलेले छायाचित्र. रेल्वेचे गाव असल्यामुळे रेल्वेच्या माणसांचे असावे असा मोह होतो, पण पुठ्ठ्यावर तसा पुरावा नाही, म्हणून नोंदीत ते लिहिलेले नाही. टेबल पॉकेटवाले, आठ पायांचे. त्यावर काळा दिसणारा एक आणि पांढरे दोन चेंडू. वर टांगलेल्या दिव्यांच्या छत्र्या हिरव्या कापडाच्या असाव्यात, कारण त्या बनातीइतक्याच गडद आल्या आहेत. छताकडे जाणारी नळी नाही, तेलाची टाकी नाही, बारीक दोर मात्र आहे. म्हणजे वीज आलेली आहे. वाकून क्यू धरलेल्या गृहस्थाची बोटे स्पष्ट आहेत आणि डोके किंचित पुसट आहे. तो खेळत नव्हता, ठरवलेल्या मुद्रेत श्वास रोखून उभा होता, आणि शेवटच्या क्षणी हलला. भिंतीवर गुणफलक, आणि त्याच्या शेजारी मार्कर, म्हणजे गुण मांडणारा नोकर. पगडी बांधलेला हा माणूस लांबच्या माराला टेकू द्यायची काठी हातात घेऊन चौकटीच्या अगदी कडेला उभा आहे. पुठ्ठा कापताना त्याचा खांदा गेला आहे. अशा चित्रांत साहेबांची नावे कधीतरी पाठीवर लिहिलेली सापडतात, मार्करचे नाव मी अजून कुठेच पाहिलेले नाही. वास्तविक सर्वांचे खेळ, सर्वांच्या खोड्या त्यालाच ठाऊक असत.

चित्रकारांची बाजू थोडक्यात, कारण मूळ चित्रे आपल्यापासून दूर आहेत आणि माझ्याकडे आहेत त्या छापील प्रतीच. शार्दँचे वडील राजासाठी बिलियर्ड्सची टेबले बनवणारे सुतार होते, त्यामुळे पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयातील त्याच्या तरुणपणच्या चित्राला घरच्या व्यवसायाचा वास आहे. बोआयीच्या १८०७ च्या चित्रात टेबलावर वाकून मार साधणारी स्त्री आहे. बिलियर्ड्स हा केवळ पुरुषांचा खेळ होता असे म्हणणाऱ्यांपुढे मी तेच ठेवतो. व्हॅन गॉगने सप्टेंबर १८८८ मध्ये आर्ल येथे रंगवलेल्या रात्रीच्या कॅफेत मधोमध टेबल आहे, ते पॉकेटविना. त्या तांबड्या खोलीत हिरव्या बनातीचा रंग डोळ्यांना खुपावा, हाच त्याचा हेतू होता. दोनच महिन्यांनी गोगँने त्याच कॅफेत मालकीणबाईंना पुढे बसवून टेबल मागे ढकलले. देगाने १८९२ मध्ये मेनिल-ह्यूबेर येथील रिकामी बिलियर्ड्स-खोली रंगवली, तेव्हा तिच्या यथार्थदर्शनाने आपल्याला जेरीस आणल्याचे त्याने पत्रात लिहिले होते. चाळीसगावला केकी मूस यांच्या संग्रहालयात टेबलटॉप छायाचित्रे पाहिलेल्यांना हे लगेच पटेल. सपाट पृष्ठभाग वरून सोपा दिसतो, पण कॅमेरा किंवा कुंचला खाली आणला की त्याच्या कडा पळू लागतात. ब्राकने १९४४ पासूनच्या मालिकेत हा प्रश्न सोडवलाच नाही. त्याने सरळ टेबलच मध्ये मोडले.

किरकोळ कागदांपैकी ॲलन अँड गिंटर यांची १८८७ ची सिगारेट-कार्डे नावाजलेली आहेत. पन्नास खेळाडूंच्या त्या संचात स्लॉसन, शेफर, व्हिन्यो असे बिलियर्ड्सपटू आहेत, रंगीत शिळाछापही उत्तम. पण टेबल दिसत नसल्यामुळे माझ्या कामाला ती निरुपयोगी, आणि भाव मात्र आकाशाला भिडलेले. त्यापेक्षा चेंडूंच्या जाहिराती अधिक बोलतात. हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यासाठी फेलन आणि कॉलेंडर या अमेरिकन टेबल-उत्पादकांनी दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते, त्यातून जॉन वेस्ली हायट याने १८७० मध्ये सेल्युलॉइडचे पेटंट घेतले. पुढच्या इंग्रजी जाहिरातींत ‘बॉन्झोलिन’ हे कृत्रिम चेंडूंचे नाव दिसले, की कागद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा किंवा त्यानंतरचा समजावा.

आमच्याकडच्या उन्हाळ्यात अल्ब्युमेनचे, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावरचे, जुने छापे गुंडाळीसारखे वळतात, म्हणून ते आम्लविरहित कागदात, वजनाखाली, आतल्या खोलीत ठेवतो. प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाकल्या आहेत. पावसाळ्यात त्यांत दमट हवा कोंडते आणि कसर लागते ती वेगळीच.

पुढचे काम पुण्याचे विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात जिंकलेल्या जागतिक हौशी अजिंक्यपदाच्या मराठी वृत्तपत्रांतील छायाचित्रांचे आहे. कोणाकडे तशी कात्रणे असतील तर दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात, कारण मागच्या बाजूची जाहिरात किंवा बाजारभाव यांवरून कात्रणाची तारीख पुष्कळदा हाती लागते.